पेळूपासून सुतापर्यंत

'बोर नदीवर प्रकल्प लिहून दे,' असं वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या एखाद्या मुलानं मोबाइलला सांगितलं, तर अर्ध्या मिनिटात प्रस्तावना, उद्दिष्टं, निष्कर्ष सगळं हजर होतं. नदीला किती महिने पाणी असतं, धरणाचं पाणी कोणाच्या शेतापर्यंत पोचतं, हे त्या मुलाला आधी ठाऊक नसतं आणि प्रकल्प जमा केल्यावरही नसतं.

हा दोष एकट्या यंत्राचा नाही. गाइडं आणि अपेक्षित प्रश्नसंच आपल्याकडे कितीतरी वर्षं खपताहेत. शिकण्यापेक्षा उत्तर हाती लागण्याला किंमत आपणच दिली. पूर्वी निदान ते उत्तर हातानं उतरवावं लागायचं, आता तेवढाही त्रास उरला नाही.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या सुमारे हजार शाळकरी मुलांवर गणिताचा एक प्रयोग केला. सरावाच्या वेळी चॅटजीपीटीसारखं साधन हाताशी असलेल्या मुलांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ते कधीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता फक्त इशारे देणारं साधन ज्यांना मिळालं, त्यांचं असं नुकसान जवळजवळ झालं नाही. म्हणजे मुलाच्या वाट्याची धडपड कोण करतं, यावर सगळं अवलंबून आहे.

या धडपडीचा विचार सेलूपासून पंधरा-वीस किलोमीटरवर फार आधी झाला होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं, असा ठराव तिथं झाला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं त्याचा अभ्यासक्रम आखला. पुढे सेवाग्राममध्ये आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्यानं तो वर्गात उतरवला.

त्या वर्गात टकळीवर सूत काढताना मूल काय शिकायचं, ते जवळून पाहिलं पाहिजे. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतील, तो सुताचा नंबर. वीस नंबरी सूत म्हणजे पौंडाला १६,८०० यार्ड. एवढा गुणाकार कुणीही सांगेल. पण धागा जाड का आला, मधेच का तुटला, पिंजलेल्या कापसाचा पेळू नीट वळला नव्हता की पीळ कमी पडला, हे ज्याच्या बोटांतून धागा सुटला त्यालाच शोधावं लागे. आणि गुरुजी समोरच बसलेले असत, त्यामुळे दुसऱ्याचं सूत आपलं म्हणून दाखवायची सोय नव्हती.

ही योजना देशभर टिकली नाही, हेही खरं. सूतकताई पुष्कळ ठिकाणी उपचार झाली आणि तिच्यातून गणित, भूगोल, इतिहास काढायचं राहून गेलं. म्हणून पुन्हा टकळ्या वाटा, असं मी म्हणत नाही. पण मुलाचं शिकणं शिक्षकाच्या डोळ्यांदेखत घडलं पाहिजे, हा तिचा गाभा आज पूर्वीपेक्षा जास्त गरजेचा आहे.

त्यासाठी साहित्य बाहेरून आणायला नको. सेलू तालुका कापसाचा. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की हमीभावातून कपात होते आणि बारा टक्क्यांच्या वर गेला की भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) तो कापूस घेत नाही. नववीच्या मुलाला सांगावं, घरची विक्रीची पावती आण आणि पैसे कुठे कापले ते वर्गात उभं राहून समजावून दे. टक्केवारी करायला त्यानं यंत्राची मदत घेतली तरी हरकत नाही. पण वेचणीला मजूर मिळाले नाहीत म्हणून कापूस दवात भिजला की विकायच्या घाईत ओलाच भरला, हे आईबाबांना विचारूनच कळेल. वर्गातल्या पोरांनी उलट प्रश्न विचारले, की समजलं किती आणि पाठ केलं किती, ते पाच मिनिटांत उघडं पडतं.

पण साठ मुलांचा वर्ग असेल तर या पाच मिनिटांचे पाच तास होतात. मतदार याद्या, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरण्यात गुरफटलेल्या शिक्षकाकडे ते कुठून येणार? घरी लिहून आणलेल्या वहीचे गुण कमी करून ते तोंडी परीक्षेला द्यावेत आणि तिच्यासाठी वेळापत्रकात तास राखून ठेवावेत, अशी माझी शिक्षण खात्याकडे मागणी आहे. खर्च येईलच. शाळांना संगणक आणि पडदे पुरवताना तो करायला आपण कचरत नाही, मग शिक्षकाच्या वेळेसाठीही तो करावा. शिक्षकांची रिक्त पदं भरण्यापासूनच सुरुवात करता येईल.