किनाऱ्यावरची न्याहारी



योहानलिखित शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू आपल्यासारख्याच कोळ्यांना भेटतो. रात्रभर जाळी टाकूनही त्यांच्या हाती काही लागलेले नसते. पहाटे किनाऱ्यावरून प्रभूची हाक येते आणि १५३ मोठे मासे जाळ्यात येतात. हा चमत्कार आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. पुढचे मात्र आपण घाईत वाचतो. किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, शेजारी भाकर अशी प्रभूची सारी तयारी झालेली आहे. तरीही तो शिष्यांना त्यांनी धरलेल्या मासळीतली थोडी आणायला सांगतो. यजमान तो, पण ताटात त्यांच्याही कष्टाचे असावे ही त्याची इच्छा.

रिकाम्या जाळ्याचे दुःख उत्तनच्या कोळ्याला सांगायला नको. डिझेलचा खर्च सुटत नाही, पावसाळ्यातली बंदी आहेच. अशा वेळी शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना घरचे जेवण द्यावे, एखादी खोली द्यावी असे कुणाला वाटले तर त्यात कमीपणा नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत मच्छीमार घरांतल्या बायकांच्या ‘स्वामिनी’ बचत गटाने २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. तिथे वल्ही त्यांच्या हातात असतात आणि खाडीची माहितीही त्याच देतात.

मात्र जोडधंदा म्हणजे घरातल्या बाईची दुसरी पाळी होऊ नये. पहाटे बाजार करून आलेल्या बाईने दुपारी दहा पाहुण्यांचे रांधायचे आणि पैसे दुसऱ्याने मोजायचे, हा न्याय नव्हे. पुरुषांनो, त्या सकाळी विस्तवापाशी स्वतः प्रभू होता! पाहुणा मागतो म्हणून घरात दारू ठेवू नका. दारूपायी आपल्या घरांनी काय सोसले ते तुम्ही जाणता. आणि रविवारी धंदा असेल तर मिस्सा आधी, चूल नंतर.

मोठी चिंता आहे ती जागेची. वलांडी रिकामी दिसली की कुणाला तिथे गाड्या लावायच्या असतात, कुणाला ढाबा काढायचा असतो. महिन्याचे भाडे येते हे खरे, पण मग बोंबील वाळवायचे कुठे? आणि आपली मासळीच नसेल, तर बर्फातली मासळी खायला पाहुण्यांनी इतक्या लांब का यावे? किनाऱ्यावरच्या अशा कितीतरी जागा पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वापरात आहेत, पण सातबाऱ्यावर आपले नाव नाही. वहिवाट एकदा मोडली की हक्क सांगणे कठीण जाते. म्हणून कुणी कागद पुढे केला, तर सही करण्यापूर्वी तो मच्छीमार सोसायटीत दाखवा, आणि जिने तिथे आयुष्यभर बोंबील टांगले त्या आपल्या आईलाही विचारा.