जामीनदार

बँकेत खातेदारांचे फॉर्म तपासता तपासता माझी अशी खात्री झाली आहे, की आमच्या भागातली निम्मी जुनी माणसं एकाच दिवशी जन्माला आली. तो दिवस म्हणजे १ जून. दर वर्षी त्या दिवशी आमचा संगणक पहाटेपासून वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवत सुटतो आणि दुपारपर्यंत दमतो. यात ग्रहताऱ्यांचा काही संबंध नाही. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी जन्मतारीख विचारायचे, बाप म्हणायचा, "धान रोवणीच्या वक्ताला झाला जी," आणि गुरुजी शांतपणे १ जून लिहायचे. घरी जन्मलेल्या माणसाचा जन्म असा शाळेत नोंदवला जाई.

माझ्याही दाखल्यावर १ जूनच आहे. प्रत्यक्षात माझा जन्म आरमोरीजवळच्या एका खेड्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मारबतीला झाला. गावातली पोरंटोरं आरोळ्या ठोकत इडापिडा वेशीबाहेर हाकलत होती, नेमका तेव्हा मी आत येत होतो. तेव्हा गडचिरोली जिल्हाही जन्मायचा होता. तो चंद्रपुरातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. जिल्ह्याची जन्मतारीख पक्की आहे, माझीच तेवढी अंदाजपत्रकी.

घरी जन्मलो याचा मला अभिमानही नव्हता आणि लाजही नव्हती. हा विषय विचार करण्यासारखा आहे हे मला गेल्या मे महिन्यात कळलं.

मे म्हणजे चंद्रपूरचा मे. सत्तेचाळीस अंश. रविवारी दुपारी मी कूलरमध्ये पाणी ओतत होतो. ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, आजीला भेटायला आली होती. सहावा महिना, कडेवर तीन वर्षांचं कार्टं. तिनं कार्टं खाली सोडलं, पाणी प्याली आणि म्हणाली,

"मामा, मी या वेळी दवाखान्यात जाणार नाही. घरीच बाळंत होणार."

अर्धी बादली कूलरमध्ये गेली, अर्धी माझ्या पायावर.

आता हिच्या घराविषयी थोडं सांगायला हवं. पहाटे पाचला नळ येतो. तो तिच्याशिवाय दुसऱ्या कोणासाठी येतच नाही, असा त्या घरचा समज आहे. सासऱ्यांना बिनमिठाचं, सासूबाईंना उपासाचं, नवऱ्याला डब्याचं आणि कार्ट्याला जे नसेल ते. नवरा कोळसा खाणीत, पाळी दर आठवड्याला बदलती. त्यामुळे तो झोपला की घरानं कुजबुजायचं आणि उठला की घरानं धावायचं. ती सकाळचा चहा सकाळी ओतते आणि अकराला, साय आल्यावर, पिते. सिलिंडर नेमका पाहुण्यांच्या पुढ्यात संपतो. कार्टं खडू, खोडरबर आणि एकदा विजेचं बिल खाऊन बसलेलं आहे. ज्या घरात बाईला चहा गरम प्यायला मिळत नाही, त्या घरात ती मूल जन्माला घालायचं म्हणत होती.

हे माझ्या बायकोनं माझ्याआधी ओळखलं. ती म्हणाली, "घरी बाळंत हो बाई. तिसऱ्या दिवशी सासूबाई दारात उभ्या राहून विचारतील, उठतेच आहेस तर दोन पोळ्या लाटतेस का? दवाखान्यात निदान पोळपाट तरी नसतो."

भाची हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग तिनं पहिल्या बाळंतपणाचं सांगितलं. चौदा तास ती एकटी होती. कोणाला आत सोडलं नाही. ओरडली की दटावायचे. "पोट धरून रडतेस, आधी कळलं नाही का?" असं एकीनं ऐकवलं. आणि चौदा तासांत तिला कोणी नावानं हाक मारली नाही. ती होती खाट नंबर सात.

"घरी मला कोणी नंबर देणार नाही मामा."

मी गप्प बसलो. त्या चौदा तासांत मी दाराबाहेर होतो. घरातला एकमेव बी.कॉम. म्हणून फॉर्म मी भरले, पैसे मी मोजले आणि पेढे पाव किलो आणावेत की अर्धा याचा हिशेबही मीच करत होतो. शिवाय नंबराचं म्हणाल तर मी स्वतः वीस वर्षं "टोकन नंबर सात" असा पुकारा करत आलो आहे. सातव्या टोकनामागे कोण उभं आहे हे मान वर करून पाहावं, असं मला क्वचितच सुचलं आहे.

पण भाची नुसती रडणारी नव्हे. ती वाचून आली होती. इंग्लंडच्या २०१४ च्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना तिनं मोबाइलवर दाखवल्या. ज्या बाईला आधी मूल झालेलं आहे आणि जिला धोका कमी आहे, तिच्या बाळाला घरी दवाखान्यापेक्षा जास्त धोका नाही. उलट टाके आणि शस्त्रक्रिया कमी लागतात. "माझी दुसरी खेप आहे. झालं तर मग."

कर्जाच्या कागदावरची बारीक अक्षरं वाचण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. मी म्हणालो, "खालचं वाच बाई." तिकडे घरी बाळंत व्हायचं म्हणजे शिकलेली, परवाना असलेली सुईण घरी येते. दवाखान्याला आधीच कळवलेलं असतं. काही बिनसलं तर गाडी येते आणि नेते. त्यातही पहिलटकरणीच्या बाळाला घरी थोडा जास्त धोका असतो, असं तेच कागद सांगतात. "आणि धोका कमी म्हणजे कोणाला? तुझं रक्त नऊच्या वर चढत नाही. बाळंतपणानंतर रक्त जायला लागलं तर तास-दोन तासांचा खेळ असतो. ते कोणाचं जाईल हे आधी कपाळावर लिहिलेलं नसतं. तिकडच्या घराला दवाखाना जामीन आहे. तू बिनजामिनाचं कर्ज मागते आहेस."

उपमेवर मी खूश होतो. भाची नव्हती.

"आणि आजीला कोण जामीन होतं? आजी चारही वेळा घरीच बाळंत झाली ना?"

आई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "चार नाही वं बाई. पाच."

कूलरचा आवाज अचानक मोठा वाटायला लागला. आम्ही चार भावंडं. पंचेचाळीस वर्षांत पाचव्याचा उल्लेख मी ऐकलेला नव्हता.

"याच्या आधीचा," आई म्हणाली. "चांगला होता, गोरा. सुईणीनं विळ्यानं नाळ कापली, कापतच होते तवा. पाचवी पुजली. आठव्या दिवशी त्यानं दूध सोडलं. अंग आखडलं. लोक म्हणत, बाहेरचं लागलं."

आज आपण त्याला धनुर्वात म्हणतो. आईला लस आणि नाळेला स्वच्छ पातं, एवढ्यावर तो टळतो. २०१५ साली भारतातून बाळंतिणीच्या आणि नवजात बाळाच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, ते मी वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि पान उलटून क्रिकेटकडे वळलो होतो. आपल्या घरचाच एक आकडा त्यात कमी पडतो आहे, हे तेव्हा कुठे माहीत होतं? पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते म्हणतात. काय लिहिलं होतं कोण जाणे. वाचायला शिकलेलं कोणी जवळ नव्हतं.

मग आईनंच तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "पण सुईण चांगली होती वं. रातभर मायी पाठ चोळत बसली. एक घडी हात सोडला नाही तिनं." एवढं बोलून तिनं पुन्हा सूप ओढलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. उकाडा होताच, पण बँकेची एक जुनी बदलीही आठवत होती. तीन वर्षं मी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला एका लहान शाखेत होतो. एका ऑगस्टमध्ये आमची एसटी नाल्याशी थांबली. नाला दुथडी. अलीकडे रुग्णवाहिका उभी, पलीकडे चार माणसं खाट खांद्यावर घेऊन उभी. खाटेवर अडलेली बाई. मध्ये पाणी. अलीकडून नर्सबाई ओरडून काही सांगत होत्या, पलीकडे ते पोचत नव्हतं. तीन तास आम्ही पन्नास माणसं पाण्याकडे पाहत उभे होतो. संध्याकाळी पाणी उतरलं, खाट आली, गाडी गेली. बाई आणि बाळ दोघं वाचल्याचं दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं सांगितलं. कंडक्टरचं एवढं गोड तिकीट मी आयुष्यात घेतलेलं नाही.

त्या बाईला कोणी विचारलं नव्हतं, घर की दवाखाना? निवड करायला दोन दारं उघडी लागतात. तिच्यापुढे एक घर होतं आणि एक नाला. अशा बायकांसाठीच पुढे आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' निघाली. तारखेच्या आधी येऊन राहायचं, म्हणजे नाला वेळेवर आडवा येत नाही. ज्यानं हे नाव सुचवलं त्याला बाईचं मन कळत असलं पाहिजे. दवाखान्याला माहेर म्हणणं सोपं नाही.

आणि याच जिल्ह्यात उलट बाजूनं गेलेली माणसंही आहेत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत एक प्रयोग केला. बाया घरी बाळंत होतात ना? मग शिकवण घरी न्यायची. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळ रडलं नाही तर श्वास कसा द्यायचा, ऊब कशी ठेवायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कसं द्यायचं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट'नं हे छापलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. त्याच संस्थेनं शोधग्रामला दवाखाना काढला, तो आदिवासींना परका वाटू नये म्हणून झोपड्यांचा बांधला, रोग्याजवळ नातेवाईक राहतील असा, आणि त्याला नाव दिलं त्यांच्याच दंतेश्वरी देवीचं. म्हणजे एका हातानं दवाखाना घरात नेला आणि दुसऱ्या हातानं घर दवाखान्यात आणलं. आम्ही इकडे घर की दवाखाना म्हणून कूलरसमोर भांडत होतो.

पहाटे मला माझ्या उपमेतली चूक सापडली. जामीनदाराविषयी मी भाचीला अर्धंच सांगितलं होतं. बँकेत येणारा जामीनदार कसा असतो? चहा पितो, ऐटीत सही करतो, आणि हप्ता थकला की त्याचा फोन बंद. बाळंतपणाच्या बाबतीत आम्ही सगळे नातेवाईक तसेच असतो. "दवाखान्यातच जा हं," ही आमची सही. पुढचे हप्ते तिनं एकटीनं भरायचे. शरीर तिचं, कळा तिच्या, तेव्हा निर्णयही तिचाच. यात मला शंका नाही. पण जे बाळ अजून सही करू शकत नाही, त्याच्या वतीनं तिला चार शब्द सांगायचे असतील, तर सांगणाऱ्यानं हप्त्याला उभं राहिलं पाहिजे. नाही तर तो सल्ला नव्हे, फुकटची सही.

सकाळी मी भाचीला फोन केला. म्हणालो, "तू ठरव. पण दवाखान्यात गेलीस तर काय काय आमच्याकडे, ते लिहून देतो." बायकोनं पोळ्या घेतल्या. ताईनं सासूबाई घेतल्या, हे सर्वांत मोठं कर्ज होतं. जावयानं पहाटेचा नळ घेतला. तो त्याच्यासाठीही येतो हे पाहून तो चकित झाला. कार्टं माझ्या वाट्याला आलं.

दवाखाना तिनंच शोधला. आत गेल्यावर रक्ताची सोय, शस्त्रक्रियेची सोय हे सगळं विचारलं, पण पहिला प्रश्न होता, "कळा येताना माझी आजी जवळ बसेल का?" तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसायलाच पाहिजे." जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, की बाळंत होणाऱ्या बाईजवळ तिच्या पसंतीचं माणूस असावं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "याले संघटना कायले पाह्यजे?"

ऑगस्टमध्ये मुलगी झाली. आई रात्रभर पाठ चोळत बसली होती. मी त्या चार रात्री कार्ट्याजवळ होतो; त्यानं माझ्या पासबुकाची दोन पानं खाल्ली, तेवढ्या व्यवहाराचा पुरावा आता कोणाकडे नाही.

जन्माचा दाखला मीच आणला. त्यावर तारीख आहे आणि खाली शिक्काही आहे. मी तो आईला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं लक्षपूर्वक ऐकलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली,

"म्हंजे पोळ्याच्या आसपासच."