निजाम राजप्रमुख झाला, रयतेचं काय?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल चौधरींच्या भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गच्या रस्त्यानं मोगलाईत, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात, शिरल्या आणि पाच दिवसांत निजामाची राजवट शरण आली. निजामाच्या पाठिराख्या सशस्त्र रझाकारांच्या जाचाला कंटाळून हद्द ओलांडणारी कुटुंबं सोलापूरनं पाहिली होती, त्यांना आसराही दिला होता. म्हणून इकडे ही हकीकत सुटकेची म्हणून सांगतात. ती सुटका होतीच. रझाकारांच्या अत्याचारांवर पांघरूण घालायचं कुणालाच कारण नाही.

पण आपण गोष्ट तिथेच थांबवतो, हे खटकतं. राज्य पालटलं की सामान्य माणसाच्या मनात एकच प्रश्न असतो: हे सरकार माझं, की माझ्यावर आलेलं? रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवीच्या गुन्ह्याचा जाब रझवीला विचारायचा, त्याच्या धर्माच्या शेतमजुराला नव्हे. घडलं उलट. दिल्लीनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं त्याच वर्षअखेरीस संस्थानात फिरून कारवाईच्या काळातल्या आणि त्यानंतरच्या किमान २७ ते ४० हजार बळींचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता, म्हणजे आपला शेजारचा धाराशिव. सरकारनं तो अहवाल कित्येक दशकं बाहेर येऊ दिला नाही. जखम झाकली की बरी होते, असा हिशेब असावा. अफवांचं मात्र फावलं.

आणि खुद्द निजाम? २६ जानेवारी १९५० पासून तो हैदराबादचा राजप्रमुख, शिवाय तनखा चालूच. ज्याच्या नावानं जुलूम झाला त्याच्यावर नव्या राज्यानं लगेच विश्वास टाकला. ज्याच्या हाती काहीच सत्ता नव्हती त्या शेतमजुराच्या निष्ठेवर मात्र आजही चावडीवर शंका घेतली जाते. राज्यघटनेनं दोघांना एकाच दिवशी सारखं नागरिक केलं, हे आपल्या गावीही नसतं.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे: हिंदू विणकरांनी हिंदू जमावाला अडवून मुसलमान विणकरांना वाचवलं, त्याची जबर किंमतही मोजली. मागांच्या या शहराला हे कळायला अवघड जाऊ नये. १९३१ साली फासावर गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांत कुर्बान हुसेनही होते, हे आपण अभिमानानं सांगतोच ना? मग १७ सप्टेंबरच्या, मुक्तिदिनाच्या भाषणांत रझाकारांच्या अत्याचारांबरोबर सुंदरलाल अहवालाची चार पानंही वाचा. धाराशिवला वाचा, सोलापुरातही वाचा, आणि ज्यांच्या घरची माणसं त्यात गेली त्यांना समोर बसवून वाचा.