दोष दाखवा, असे म्हणण्याचे धैर्य



वर्षावास संपला की आश्विन पौर्णिमेला भिक्खुसंघ पवारणा करतो. कितीही ज्येष्ठ भिक्खू असो, तो संघापुढे हात जोडतो आणि विनवतो की, माझा दोष कुणी पाहिला, ऐकला, किंवा कुणाला शंका आली असेल, तर करुणेने सांगावे, म्हणजे मला सुधारता येईल.

राष्ट्रांनीही अशी एक रीत पत्करली आहे. वांशिक भेदभाव नष्ट करण्याचा करार संयुक्त राष्ट्रसंघाने १९६५ साली संमत केला. भारताने तो १९६८ साली मान्य केला. करार पाळला जातो की नाही, हे पाहण्यास १८ तज्ज्ञांची समिती आहे. त्यांना राष्ट्रेच निवडतात, पण ते कुणा सरकारचे वकील नसतात. सरकारने दर दोन वर्षांनी अहवाल द्यावयाचा, समितीने प्रश्न विचारावयाचे. लोकांच्या संघटनाही आपली माहिती समितीपुढे ठेवतात. समितीजवळ पोलीस नाहीत, तुरुंग नाही. तिचे बळ एकच, उघडपणे विचारलेला प्रश्न!

आमच्या सरकारने काय उत्तर दिले? जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून हा विषय करारात येत नाही. समितीने १९९६ साली हे नाकारले. करारात वंश, वर्ण यांबरोबर 'जन्मकूळ' हाही शब्द आहे, आणि तो घालण्याची सूचना भारताचीच होती! २००२ साली समितीने स्पष्ट सांगितले की, जन्मकुळावरून होणाऱ्या भेदभावात जातिभेद येतो. २००७ साली सरकारने पुन्हा तेच म्हटले, समितीनेही पुन्हा तेच उत्तर दिले.

सरकारचा हा दोष आपल्याला चटकन दिसतो. पण बांधवांनो, आपल्या घराचा अहवाल कोण तपासणार? बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात समतेची प्रतिज्ञा दिली. ती आपणही घेतली. तरी मुलीचे स्थळ आले की बुद्धवंदना म्हणणारे तोंड हळूच विचारते, "मूळचे कोणते?" पाहुणा दुसऱ्या जातीतून धम्मात आलेला निघाला, की पत्रिका जुळत नाही म्हणावे, तर पत्रिका आपण मानीत नाही. मग 'मुलगी अजून शिकते आहे' हे कारण पुढे येते. सरकारही शब्दाआड लपले आणि आपणही लपलो. फरक तो कोणता?

म्हणून येत्या आश्विन पौर्णिमेला घरात पवारणा करा. वडीलधाऱ्यांनी आधी बसावे, लेकी-सुनांना बोलू द्यावे. त्यांनी दोष दाखविला तर रागावू नका. ज्याला प्रश्न सहन होतो, त्यालाच सुधारता येते.

जयभीम!