प्रस्थान आजच ठेवावे

चालढकल करणारा मनुष्य पुष्कळदा आळशी नसतोच. सकाळपासून तो दहा कामे उरकील, पण जे खरे करावयाचे ते एकच उद्यावर ढकलील. का? तर ते डोंगराएवढे वाटते, आणि हातून नीट न झाले तर, ही धास्ती. मग 'पांडुरंगाच्या मनात असेल तेव्हा होईल' म्हणून मोकळा! पण शेजाऱ्याचे उसने पैसे फेडावयाचे, म्हाताऱ्या आईला वैद्याकडे न्यावयाचे, यांत देवाचे मन वेगळे काय पाहावयाचे? आपल्या 'उद्या'पायी दुसऱ्याचा आज बुडतो, हा यातला दोष.

उपाय वारकऱ्याला नवा नाही. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला मंदिरातून निघते. पहिला मुक्काम कोठे? आळंदीतच, आजोळघरी! चाल म्हणावी तर चार पावलांची. पण प्रस्थान झाले. पुढे पुण्यास दोन रात्री विसावा, मग दिवेघाट चढून सासवड. चाल ठरलेली, विसावाही ठरलेला. आजचा मुक्काम तेवढा गाठायचा. एकादशी कोणासाठी थांबत नाही.

कामाचेही तसेच. कालच्या दिरंगाईबद्दल कपाळ बडवीत बसू नये. तोही वेळ घालविण्याचाच प्रकार. हिशेबाची वही नुसती उघडावी, पहिली रक्कम मांडावी, सोबतीला कोणी बसवावे. दिंडीत थकलेले पायही चालतात, ते सोबतीमुळेच. बाबांनो, काम आज पुरे होणार नाही, न होवो. प्रस्थान मात्र आजच ठेवा.