परक्याची भाषा कशासाठी शिकावी?

ज्याला गिऱ्हाईक नाही ते विद्यापीठाने शिकवावे काय? अमेरिकेत हा प्रश्न सध्या परभाषांच्या वर्गांपुढे उभा आहे. तेथील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या गणतीप्रमाणे २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत उच्च शिक्षणात इंग्रजीखेरीज अन्य भाषा शिकणारे विद्यार्थी शेकडा १६.६ ने घटले. जर्मनचे वर्ग तर तिसऱ्या हिश्श्याने रोडावले. २०२३ साली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने, अंदाजपत्रकातली तूट भरून काढताना, परभाषांच्या पदव्याच बंद केल्या.

याचा दोष मुलांना देणे मला पटत नाही. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाने ‘यावर पोट भरेल का?’ असे विचारले तर त्यात गैर ते काय? शिवाय भाषांतर आता यंत्र क्षणात करून देते. मग क्रियापदांची रूपे घोकत बसावे कुणी?

गरजेपोटी भाषा शिकण्यात कमीपणाही नाही. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून भाषाशिक्षणाला पैसा दिला, तो भीतीपोटी. मोल्सवर्थ कंपनीच्या फौजेतला. मराठीच्या प्रेमाने तो इकडे थोडाच आला होता! पण १८३१ साली निघालेला त्याचा मराठी-इंग्रजी कोश अभ्यासक आजही उघडतात. आणि त्या घसरणीच्या पाच वर्षांतही अमेरिकेत कोरियन शिकणारे शेकडा ३८ ने वाढले. तिकडची गाणी आणि मालिका पोरांना ओढून नेतात.

माणूस भीतीने येवो, पोटासाठी येवो की गाण्यासाठी. आत आल्यावर त्याचे काय होते ते पाहावे. मी शिक्षक आहे. परक्या भाषेत बोलायला उभे केले की वर्गातला पहिल्या नंबराचा मुलगाही अडखळतो, आणि जिची ती घरची भाषा आहे अशी मागच्या बाकावरची पोर त्याला दुरुस्त करते. दुसऱ्यापुढे लहान होऊन त्याच्याकडून शब्द मागून घ्यायचा, हे शिक्षण फार मोलाचे आहे. यंत्र अर्थ सांगते. पण ते कुणापुढे मागायला लावीत नाही.

परभाषेच्या वर्गात पाचच मुले असली, तर त्यांचा खर्च इतर पाचशे मुलांच्या शुल्कातून निघेल, हे खरे. तो निघावा असेच मी म्हणेन. त्या पाचांनी जोडलेली ओळख पुढे पाचशेंच्याही कामी येते. वाचनालयातले पुस्तक वर्षभर कुणी नेले नाही, म्हणून आपण ते रद्दीत घालीत नाही. पुस्तक निदान विकत तरी पुन्हा आणता येते. भाषेचा शिक्षक मात्र एकदा घरी बसवला की त्याच्या जागी दुसरा तयार व्हायला वर्षानुवर्षे लागतात, आणि तोवर शिकू पाहणारे मूल वाट पाहत थांबत नाही.