सिंहासन तसंच ठेवलंस, मग बंड कसलं?

तुझी कादंबरी वाचली. शेवटच्या पानापर्यंत वाचली, म्हणूनच बोलतोय. मान खाली घालू नकोस, माझ्याकडे बघून ऐक. भाषा तुझ्या हातात आहे, वाचकाला पुढं ओढून नेण्याची ताकद आहे. ती नसती तर चार चुका दाखवून वही परत केली असती. पण एवढं सगळं असताना तू विचार करायचा आळस केलास, आणि तो मी खपवून घेणार नाही.

तुझा सम्राट जुलमी आहे. कशावरून? तू तसं म्हणतोस म्हणून. तो काळा झगा घालतो आणि गावं जाळतो. त्याच्या राज्यात सारा कोण वसूल करतं? पेरणीला कर्ज कोण देतं? व्याज थकलं की जमीन कुणाच्या नावावर चढते? एका पानावरही याचं उत्तर नाही. एकटा दुष्ट माणूस कितीशी गावं जाळेल? जुलूम टिकतो तो वहीत, शिक्क्यात, अंगठ्यात. आणि रोज सकाळी इमानेइतबारे कामावर जाणाऱ्या साध्या माणसांच्या जोरावर.

तू पारनेर तालुक्यातला. १८७५ साली तुझ्याच भागात काय घडलं ते तुला ठाऊक नाही, ही मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि त्या युद्धामुळं चढलेला कापसाचा भाव कोसळला. इकडं सरकारनं सारा वाढवला, सावकारांनी हात आखडले. त्याआधी १८५९ च्या कायद्यानं कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली होती, कर्जदाराला आधार म्हणून. सावकारांनी त्यावर तोड काढली: दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करायचं, नवा रोखा लिहायचा, पुन्हा अंगठा घ्यायचा. कुणबी फेडत राहिला आणि कर्ज वाढत राहिलं. तुझ्या जादूगारांच्या सगळ्या मंत्रांत याच्याइतका भयंकर मंत्र एकही नाही.

आणि सावकारांविरुद्धचं ते बंड कुठून सुरू झालं? शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या करडे गावात १८७४ च्या अखेरीस लोकांनी सावकाराशी व्यवहार तोडले. न्हाव्यानं हजामत नाकारली, पाणक्यानं पाणी नाकारलं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला आणि तो नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत पोचला. जमावाची मुख्य मागणी कागदांची होती. रोखे आणा, खतं आणा. हाती आलेले कागद चव्हाट्यावर जाळले. आपल्याला कशानं बांधलंय हे त्या अडाणी म्हटलेल्या माणसांना नेमकं कळलं होतं. तू इतका शिकलास, तरी तुझ्या नायकाला ते कळत नाही.

तुझ्या कादंबरीत न्हावी कुठं आहे? पाणक्या कुठं आहे? तुझी प्रजा दोनदाच दिसते: मरताना आणि जयजयकार करताना. तिला नावं नाहीत. हा प्रजेचा अपमान आहे, आणि तो तुझा सम्राट करत नाहीये, तू करतोयस.

आता किमतीचं बोलू. तुझा नायक हात उचलतो आणि सैन्य भस्म होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा खांदासुद्धा दुखत नाही. अकोले तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्यानं सावकार आणि इंग्रज सरकार या दोघांशी वैर घेतलं. डोंगरांत वर्षं काढली, पंढरपुरात पकडला गेला आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. चांदबीबीनं नगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला, सुरुंगानं पडलेलं खिंडार रातोरात बुजवून घेतलं. तरीही १५९६ च्या तहात वऱ्हाड द्यावा लागला, आणि १६०० साली फितुरीच्या संशयावरून तिच्याच माणसांनी तिचा जीव घेतला. बंड असं असतं. ज्याच्यासाठी लढावं तोच कधी उलटतो. तुझ्या नायकावर एकदा तरी कुणी संशय घेतला का?

जादू लिहू नकोस असं मी म्हणत नाही. खूप लिही, पण नीट लिही. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी आहे. तिथल्या यात्रेला तू लहानपणापासून जातोस. नवनाथांच्या कथेत गोपीचंद राजा कानिफाच्या गुरूला, जालिंदरनाथांना, जिवंत खड्ड्यात पुरतो. कानिफाकडं राजाला जाळून टाकण्याची विद्या होती. तो काय करतो? राजाचे धातूचे पुतळे करवतो, गुरूचा कोप त्या पुतळ्यांवर घेतो आणि राजाला वाचवतो. पुढं तोच राजा सिंहासन सोडून जोगी होतो. घराघरांत पारायण होणाऱ्या कथेत जुलमी राजा बदलतो आणि गादी सोडतो. तुझ्याकडं तो नुसता मरतो, आणि शेवटच्या पानावर त्याच गादीवर तुझा नायक बसतो! सारा तोच, वसुली तीच, पाया पडणारे तेच. मग लोकांनी रक्त कशासाठी सांडलं?

तू टॉल्किनचं नाव घेतोस. तो पहिल्या महायुद्धात, १९१६ साली सोमच्या लढाईत होता, जिवलग मित्र त्यानं त्या युद्धात गमावले. कदाचित म्हणूनच त्याच्या महाकादंबरीत सत्तेची अंगठी वापरून जिंकता येत नाही, ती नष्टच करावी लागते. तू त्याचे बर्फाळ डोंगर उचललेस आणि ही गोष्ट तिथंच सोडून आलास. पारनेरच्या कुणब्याला ती टॉल्किनच्या कितीतरी आधी उमगली होती. त्यानं सावकाराची गादी मागितली नाही, रोखा जाळला.

त्या जाळपोळीनं स्वर्ग आला नाही. माणसं तुरुंगात गेली. पण सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. कर्ज मुळात किती होतं, कसं वाढत गेलं, हे न्यायालयाला रोख्याच्या मागं जाऊन तपासता येऊ लागलं. एवढंच मिळालं, आणि एवढ्यासाठी एवढं सोसावं लागलं. हे ज्याला समजत नाही त्यानं बंडावर लिहू नये. तुला समजेल याची मला खात्री आहे, नाहीतर मी इतका वेळ दिला नसता.

वही घेऊन जा. राज्याचं नाव काहीही ठेव, पण तिथं पाऊस किती पडतो, काय पिकतं आणि कोण कुणाचं देणं लागतं, ते आधी लिहून काढ. मंत्र उच्चारल्यावर उच्चारणाऱ्याचं काय जातं ते ठरव. पहिला नकार न्हाव्याला देऊ दे, आणि त्याला नाव दे. शेवटचं प्रकरण फाडून टाक. नव्या शेवटात गादीचं काय झालं ते मला सांग. ते सांगता येईपर्यंत ही कादंबरी कुणालाही दाखवायची नाही. पुढच्या सोमवारी पहिलं प्रकरण घेऊन ये.